जुने बत्तीस बोर घेताना: कानपूर की बर्मिंगहॅम?

ग्वाल्हेर-चंबळ भागात परवान्याच्या हत्यारांची वाण कधीच नव्हती. पण 2019 साली शस्त्र कायद्यात दुरुस्ती होऊन एका व्यक्तीकडे तीनऐवजी दोनच हत्यारे ठेवण्याची मर्यादा आली, तेव्हापासून ग्वाल्हेरच्या लष्कर नावाच्या भागातल्या दुकानांत जुनी रिव्हॉल्व्हरे जरा जास्तच दिसू लागली, असे निदान मला वाटते. परवाना हाती असलेल्या माणसापुढे त्यांतली बहुधा दोनच येतात: कानपूरच्या सरकारी कारखान्याचे .32 (हे बोर, म्हणजे नळीच्या भोकाचे इंचातले माप) आणि बर्मिंगहॅमचे जुने वेब्ली अँड स्कॉट मार्क 4. या दोहोंत मी तीन महिने घुटमळलो, म्हणून हे लिहीत आहे.

कानपूरचे रिव्हॉल्व्हर मार्क 4च्याच धर्तीवर बेतलेले आहे. दोन्ही नळी खाली वाकवून उघडतात, दोन्हींत सहा काडतुसे बसतात आणि दोन्ही उघडताच पुंगळ्या आपोआप वर येतात, त्यामुळे दुकानदार ‘एकच माल’ म्हणून हातावर ठेवतो. तो अगदीच खोटे बोलतो असे नाही. मात्र ‘वेब्ली’ एवढ्या नावावर भुलू नये. मार्क 4 हे .38 मध्येही निघालेले आहे आणि तो बोर आपल्याकडे प्रतिबंधित आहे, म्हणून चौकटीवर कोरलेला आकडा भिंग घेऊन स्वतः वाचावा. शिवाय गेल्या काही वर्षांत हरदोई जिल्ह्यातल्या संडीला येथेही वेब्लीच्या नावाने .32 बनू लागले आहे. ते नवे हत्यार आहे, त्याला जुन्या इंग्रजी मालाचा भाव देण्याचे कारण नाही. त्याहून जुनी काही खिशातली रिव्हॉल्व्हरे 1878च्या आखूड .32 काडतुसासाठी बनलेली असतात. आपल्याकडे मिळणारे खडकीचे काडतूस 1896च्या लांब जातीचे, म्हणजे .32 एस अँड डब्ल्यू लाँग आहे, आणि ते अशा रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरमधल्या, म्हणजे काडतुसे बसणाऱ्या फिरत्या भागातल्या, आखूड घरात पूर्ण बसतच नाही. स्मिथ अँड वेसनचा विचार असेल, तर सिलिंडर बाजूला काढून आतल्या खाचेत पाहावे. 1957 पासूनच्या नगांवर तिथे मॉडेल क्रमांक छापलेला असतो. परदेशी हत्यारांची आयात 1980च्या दशकापासून जवळजवळ बंद असल्यामुळे त्याची किंमत मात्र ऐकूनच मी पुढे सरकलो.

आता माझा निर्णय ज्या एका त्रासावर ठरला, तो म्हणजे कानपूरचा चाप. घोडा, म्हणजे मागचा आपटणारा खटका, हाताने मागे चढवून मारले तर तक्रारीला जागा नाही, निशाणाही बरा लागतो. पण नुसता चाप ओढून घोडा उठवायचा म्हटले की बोटाबरोबर मनगटही कामाला लागते, आणि शेवटच्या क्षणी नळीचे तोंड नेमके खाली जाते. मोजमापाचे साधन माझ्याकडे नव्हते, म्हणून दुकानदाराच्या परवानगीने नकली काडतुसे घातली, नळीच्या पाठीवर फोरसाइटच्या (पुढच्या माशीच्या) मागे एक रुपयाचे नाणे ठेवले आणि सावकाश चाप ओढला. कानपूरच्या दोन वेगवेगळ्या नगांवर सहा वेळांत एकदाही नाणे टिकले नाही. शेवटचे तर काउंटरखाली गेले आणि दुकानातल्या पोऱ्याला ते शोधायला लावावे लागले. त्याच बैठकीत त्या जुन्या वेब्लीवर नाणे चार वेळा जागेवर राहिले. हे शास्त्र नव्हे, माझे बोटही साठीचे आहे आणि तरुण माणसाला कदाचित हा फरक जाणवणारही नाही. पण संकटात घोडा चढवायला सवड मिळेल, हे गृहीत धरून मला हत्यार घ्यायचे नव्हते.

कानपूरच्या बाजूने सांगण्यासारखे बरेच आहे, आणि ते सांगितले नाही तर अन्याय होईल. ते वयाने लहान असते, भाव पुष्कळ कमी असतो आणि स्प्रिंग किंवा पिन गेली तर सुटा भाग मिळण्याची आशा तरी असते. वेब्लीसाठी मात्र एखादा जुना कारागीर गाठून भाग घडवून घ्यावा लागतो. माझ्या मेहुण्यांनी कानपूरचेच घेतले, ते घोडा चढवूनच मारतात आणि समाधानी आहेत. 2014 साली आलेले ‘निर्भीक’ हे हलके रिव्हॉल्व्हरही आता जुन्यात दिसते, टायटॅनियम मिश्रधातूमुळे ते सुमारे 500 ग्रॅमचे आहे. मी परिचितांचे हाताळून पाहिले, पण चापाची तक्रार तिथेही तशीच वाटली. गंजाच्या बाबतीत मात्र हलका धातू उजवा ठरावा. 2023ची विधानसभा आणि 2024ची लोकसभा, अशा दोन आचारसंहितांत सात-आठ महिन्यांच्या आत दोनदा हत्यार जमा करावे लागले आणि दुसऱ्या वेळी माझ्या वेब्लीच्या सिलिंडरवर तांबूस ठिपके घेऊनच ते परत आले. जमा करण्यापूर्वी तेल भरपूर लावण्याचे शहाणपण मला उशिरा सुचले.

वेब्लीकडे कल असेल, तर बिजागरी आणि वरची कडी यांवर सगळे लक्ष द्यावे. नळी बंद करून तिला डावीकडे-उजवीकडे हलवून पाहावे. बारीक खडखड जरी आली, तरी कितीही चकचकीत निळे पॉलिश केलेले असले तरी तो नग खाली ठेवावा. मग घोडा पूर्ण चढवून सिलिंडर बोटांनी फिरवून बघावे, ते जवळजवळ घट्ट असायला हवे. मी पाहिलेल्या पाच वेब्लींपैकी तीन याच परीक्षेत बाद झाली, चौथ्याच्या नळीत खड्डे होते. पाचवे मी घेतले. तसे पाचवे हाती लागले नसते, तर मीही निमूटपणे कानपूरचेच घेऊन आलो असतो आणि घोडा चढवण्याचा सराव केला असता.