इंग्रजी शिकवायला जपानला जावं की थायलंडला?

इंग्रजीत बी.ए. किंवा एम.ए. झालेली, शाळेत नाहीतर क्लासमध्ये थोडंफार शिकवलेली मुलंमुली हल्ली हा प्रश्न वरचेवर विचारतात. पगाराचे आकडे त्यांनी आधीच बघून ठेवलेले असतात. मी दोन्हीकडे शिकवलं आहे आणि माझ्या मते पगार दुसऱ्या नंबरवर येतो. नोकरी सुटली तर त्या देशात तुमचं पुढे काय होतं, आणि वर्गात तुमच्या हातात नेमकं किती असतं, हे आधी बघा.

आधी आपला पासपोर्ट

दोन्हीकडच्या जाहिरातींत "नेटिव्ह स्पीकर हवा" असं सर्रास लिहिलेलं असतं, आणि भारतीय माणूस त्यात बसत नाही असंच धरलं जातं. पण ही अडचण दोन देशांत वेगवेगळ्या ठिकाणी आडवी येते.

जपानमध्ये सरकारी शाळेत शिकवण्यासाठी लागणाऱ्या व्हिसाला किमान १२ वर्षांचं शिक्षण इंग्रजी माध्यमातून झालेलं दाखवावं लागतं. म्हणजे दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून पुढे इंग्रजीत एम.ए. केलेल्या उत्तम शिक्षकालाही हा दरवाजा जवळजवळ बंदच. त्यामुळे जपानचा विचार करण्याआधी शाळेचे दाखले काढून माध्यमाचा हिशेब मांडा. खाजगी संभाषण वर्गांचा, म्हणजे 'एइकाइवा'चा व्हिसा वेगळ्या प्रकारचा असतो. पण माध्यमाबद्दल तिथेही विचारतातच.

थायलंडमध्ये माध्यमाला तितकं महत्त्व नाही, पदवीला आहे. तिथल्या शिक्षक परिषदेचा, म्हणजे 'खुरुसफा'चा परवाना लागतो. तुमच्याकडे बी.एड. असेल तर हे काम बरंच सोपं होतं. ती नसेल तर दोन वर्षांची तात्पुरती परवानगी मिळते आणि तिच्या मुदतवाढी मोजक्याच. मराठी माध्यमातून आलेल्या, बी.एड. केलेल्या आणि खरोखर शिकवण्याची आवड असलेल्या माणसाने थायलंडच आधी बघावं, असं मी म्हणेन. एक मात्र स्पष्ट सांगते: पुष्कळ थाई शाळांत त्याच कामासाठी ब्रिटिश-अमेरिकन शिक्षकाला एक पगार आणि फिलिपिनो-भारतीय शिक्षकाला दुसरा, असा प्रकार चालतो. हा अन्याय आहे. मुलाखतीत लाजू नका. शाळेतल्या इतर परदेशी शिक्षकांना काय मिळतं ते विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

वर्गात तुमचं स्थान काय

जपानी शाळेत तुम्ही 'एएलटी', म्हणजे सहायक भाषा शिक्षक असता. वर्गाची जबाबदारी जपानी शिक्षकाची. त्याच्याशी तुमचं जमलं तर तास रंगतो. नाही जमलं तर धडा मोठ्याने वाचून दाखवणं आणि उच्चार म्हणून घेणं यापलीकडे काम जात नाही. प्राथमिक शाळेत पाचवी-सहावीला २०२० पासून इंग्रजी हा रीतसर विषय झाला, त्यामुळे तिथे एएलटीला वाव जास्त. लहान मुलांचे खेळ, गाणी, कार्डं ज्यांना जमतात त्यांना ही नोकरी फार आवडते.

जायच्या वाटा मुख्यतः दोन. जपान सरकारचा 'जेट' कार्यक्रम १९८७ मध्ये सुरू झाला. भारतातूनही त्यात निवड होते, पण फार थोड्यांची. विमानभाडं मिळतं, पगार चांगला असतो आणि जास्तीत जास्त पाच वर्षं राहता येतं. दुसरी वाट म्हणजे शाळांना शिक्षक पुरवणाऱ्या डिस्पॅच कंपन्या. त्यांचे पगार कमी, आणि पुष्कळ करारांत ऑगस्ट आणि डिसेंबरसारख्या सुट्टीच्या महिन्यांचा पगार कापलेला असतो. सही करण्यापूर्वी ऑगस्टमध्ये हातात किती पडणार ते विचाराच.

थायलंडमध्ये वर्ग तुमचा. चाळीस-पन्नास मुलं, पंखे गरगरताहेत, पाठ तुमचा, प्रश्नपत्रिका तुमची, गुणही तुम्हीच द्यायचे. आठ वाजता झेंड्यापुढे सगळी शाळा रांगेत उभी राहते आणि परदेशी शिक्षकही तिथे हजर असायचा असतो. जूनमध्ये एका गुरुवारी 'वाई खरू' असतो. मुलं फुलांची सजावट घेऊन गुडघ्यांवर बसून शिक्षकांना वंदन करतात. गुरुपौर्णिमा बघत वाढलेल्या आपल्यासारख्यांना त्या दिवशी परकं वाटत नाही. त्रासाचा भाग असा की मूल नापास झालं तरी पुन्हा परीक्षा घेऊन त्याला वर ढकलायचं, ही शाळेची अपेक्षा असते. ज्याला शिकवण्यात मुरायचंय त्याला तरीही थायलंड जास्त शिकवतं, कारण तिथे चूक झाली तर ती तुमची आणि धडा साधला तर तोही तुमचा.

कागद

खरा फरक इथे आहे.

जपानमध्ये मोठ्या विमानतळावर उतरताच रेसिडेन्स कार्ड हातात पडतं. राहायला गेल्यापासून १४ दिवसांत नगरपालिकेत पत्ता नोंदवायचा. नोकरीतून आरोग्य विमा मिळत नसेल तर त्याचंही काम तिथेच होतं. मग डॉक्टरच्या बिलाचे तीस टक्के तुम्ही भरायचे, बाकी विमा भरतो. आणि सगळ्यात मोठी गोष्ट: तुमचा राहण्याचा परवाना एका मालकाला बांधलेला नसतो. नोकरी सोडली तर १४ दिवसांत इमिग्रेशनला कळवायचं आणि त्याच प्रकारचं काम दुसरीकडे शोधायचं. शोधाशोधीला जवळपास तीन महिने मिळतात. मात्र सरकारी शाळेतून खाजगी वर्गात जायचं असेल तर परवान्याचा प्रकार बदलून घ्यावा लागतो.

थायलंडमध्ये नॉन-इमिग्रंट बी, म्हणजे नोकरीसाठीचा व्हिसा, वर्क परमिट आणि वर्षाची मुदतवाढ ही सगळी साखळी त्या शाळेवर टांगलेली असते. नोकरी संपली की राहण्याची मुदतही संपते. शाळेची तारीख आणि इमिग्रेशनची तारीख जुळली नाही तर सामान आवरून देशाबाहेर जाऊन नव्याने सुरुवात. शिवाय दर ९० दिवसांनी पत्ता कळवायचा, आणि तुम्ही राहायला आलात हे घरमालकाने २४ तासांत नोंदवायचं. मालकाने ते केलं नाही तरी खेटे तुम्हालाच पडतात. सुट्टीत घरी यायचं असेल तर री-एंट्री परमिट आधी काढा. ते न काढता देश सोडलात तर मुदतवाढ रद्द होते. शाळेत ही कामं सांभाळणारी चांगली बाई किंवा बुवा असेल तर वर्ष सुखात जातं. म्हणून शाळा निवडताना तिथे आधी काम केलेल्या परदेशी शिक्षकाशी बोला आणि पगाराआधी हेच विचारा.

घर आणि ताट

जपानमध्ये भाड्याचं घर अनेकदा पूर्ण रिकामं मिळतं. छताला दिवा नाही, ओट्यावर शेगडी नाही. वर डिपॉझिट, घरमालकाला द्यायचा, परत न मिळणारा 'रेइकिन' म्हणजे नजराणा, आणि हमीदाराची अट. जेटवाल्यांना शिक्षण मंडळ पुष्कळदा घर बघून देतं. डिस्पॅचने जाणाऱ्यांनी मात्र पहिला पगार येईपर्यंतचे पैसे गाठीशी ठेवावेत. थायलंडमध्ये पलंग, कपाट, एसी असलेली खोली दोन महिन्यांचं डिपॉझिट आणि एक महिन्याचं भाडं भरलं की त्याच दिवशी मिळते.

जेवण हा शाकाहारी मराठी माणसासाठी निर्णायक मुद्दा ठरू शकतो, तेव्हा जरा सविस्तर. जपानी प्राथमिक शाळेत दुपारी 'क्यूशोकु' असतं. मुलं पांढरे एप्रन आणि टोप्या घालून वाढतात, शिक्षकही वर्गात बसून तेच खातात. ताटात भात, सूप, भाजी, मासा किंवा मांस, आणि दूध रोजचं. सूप नुसत्या भाज्यांचं दिसलं तरी त्याचा आधार बहुधा वाळवलेल्या माशाचा अर्क, म्हणजे 'दाशी' असतो. एकत्र जेवणं हा शिक्षणाचाच भाग मानतात, त्यामुळे डबा आणायचा तर मुख्याध्यापकांशी आधीच बोलून ठेवा. आदराने सांगितलं की बहुतेक जण समजून घेतात.

थायलंडमध्ये माशांचा सॉस आणि कोळंबीची पेस्ट सगळीकडे. पण 'जे' हा एक शब्द पाठ केला की पोटाची काळजी मिटते. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत हा शब्द दिसला की तिथे मांस-मासे नाहीत, अंडी-दूध नाही, कांदा-लसूणही नाही. बाकी नारळ, तांदूळ, कोथिंबीर, आंबे, फणस, आणि बाहेर कोकणासारखा दमट उकाडा. मासे खाणाऱ्याला तर दोन्ही देश गोडच.

माणसं, सण, भाषा

टोकियोत निशी-कासाईला भारतीयांची मोठी वस्ती आहे, टोकियो मराठी मंडळाचा गणेशोत्सव असतो. पण एएलटीची नेमणूक बहुधा दूरच्या गावी होते. तिथे हिवाळ्यात चार-पाच वाजताच अंधारून येतं, घरं आतूनही गार असतात, आणि सहकारी कितीही सौजन्याने वागले तरी घरी बोलावतीलच असं नाही. एकटेपणा ज्यांना सोसत नाही त्यांनी हे हलक्यात घेऊ नये. भाषा मात्र आपल्याला जवळची पडते: क्रियापद शेवटी, प्रत्ययासारखे शब्द नामानंतर, वाक्य मराठीसारखंच बांधता येतं. अडतं ते 'कांजी'पाशी, म्हणजे लिखाणातल्या चिनी अक्षरांपाशी.

थाई सहकारी पहिल्याच आठवड्यात ताटातलं काढून तुम्हाला देतात. लिपी शिकताना क-ख-ग-च्या क्रमाची ओळख पटते, पण शब्दाचा अर्थ बदलणारे आवाजाचे पाच चढउतार कानात बसायला वेळ लागतो. बँकॉकला फाहुरतमध्ये हिंग, तूरडाळ, पोहे मिळतात. गणपतीची भक्ती तर थाई लोकही मनापासून करतात. मुंबईहून बँकॉक साडेचार तासांच्या आत-बाहेर, हा घरी म्हातारे आई-वडील असणाऱ्यांसाठी मोठा दिलासा. पहिलं सत्र ऑक्टोबरच्या सुमारास संपतं, त्यामुळे काही वर्षी दिवाळीला घरी येता येतं. जपानमध्ये मोठी सुट्टी जुलै-ऑगस्टमध्ये, दिवाळी भर शाळेत.

जोडीदाराला घेऊन जायचं असेल तर जपान वरचढ: अवलंबितांच्या व्हिसावर परवानगी काढून आठवड्याला २८ तासांपर्यंत काम करता येतं. थायलंडमध्ये जोडीदाराला स्वतःचं वर्क परमिट लागतं.

थाई शाळांची भरती मुख्यतः मार्च ते मे या काळात होते, कारण वर्ष मे महिन्यात सुरू होतं. ऑक्टोबरमध्येही जागा निघतात. जपानी शाळांचं वर्ष एप्रिलपासून, म्हणून डिस्पॅच कंपन्या आदल्या शरदातच मुलाखती घेतात. जेटचे अर्जही सर्वसाधारणपणे त्याच सुमारास निघतात आणि निवड झालेले पुढच्या उन्हाळ्यात रुजू होतात. कुठेही जायचं असो, पोलिस क्लिअरन्स आणि पदवीचं प्रमाणीकरण आत्ताच सुरू करा. विद्यापीठातून कागद बाहेर पडायला व्हिसापेक्षा जास्त वेळ लागतो.