जॉन हॅमंड यांचा ‘विकेड ग्रिन’: टॉम वेट्स यांची गाणी ब्लूजच्या अंगाने, अनेक महिने ऐकल्यानंतर

२००१ साली आलेला अमेरिकन ब्लूज गायक आणि गिटारवादक जॉन हॅमंड यांचा ‘विकेड ग्रिन’ हा अल्बम मी गेले अनेक महिने नियमाने ऐकते आहे, आणि त्याच्याविषयी ठामपणे काही सांगावे इतका तो आता ओळखीचा झाला आहे. यातील तेरा गाण्यांपैकी बारा अमेरिकन गीतकार-गायक टॉम वेट्स यांची आहेत, तेरावे पारंपरिक गॉस्पेल, म्हणजे ख्रिस्ती भक्तिगीत आहे, आणि अल्बमची निर्मितीही खुद्द वेट्स यांनीच केली आहे. मूळ गीतकार निर्माता म्हणून समोर बसला आहे आणि दुसरा गायक त्याचीच गाणी ब्लूजच्या, म्हणजे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या जुन्या लोकसंगीताच्या, वाटेने घेऊन चालला आहे, असा योग क्वचितच येतो. माझे मत आधीच सांगते: ज्या गाण्यांत गिटारचा ठेका पुढे आहे तिथे हॅमंड मूळ गाण्याच्या तोडीस तोड उतरले आहेत, आणि जिथे गाण्याचा जीव कथनात आणि वातावरणात आहे तिथे ते कमी पडले आहेत. कमी पडलेल्या जागा थोड्या आहेत.

या अल्बमवर श्रोत्यांकडून मी जी मते ऐकली, त्यांत दोन तट स्पष्ट दिसतात. वेट्स यांच्या चाहत्यांचा आक्षेप असा की, ‘स्वॉर्डफिशट्रॉम्बोन्स’ आणि ‘रेन डॉग्ज’ या ऐंशीच्या दशकातल्या वेट्स यांच्या अल्बममधला मरिम्बाचा (लाकडी पट्ट्यांच्या वाद्याचा) पोकळ नाद, लोखंडावर काही आपटल्यासारखे ठोके आणि घोगऱ्या आवाजातले ते गुरगुरणे हीच या गाण्यांची ओळख आहे. ती काढून टाकली तर उरते ते साधे शफल, म्हणजे ब्लूजचा नेहमीचा झुलता ठेका, आणि शफल जगात भरपूर पडलेले आहे. ब्लूज ऐकणाऱ्यांचे म्हणणे याच्या अगदी उलट आहे. तीच ती बारा मापांची रचना आणि त्याच त्या रुसलेल्या प्रेयसीच्या तक्रारी ऐकून ते कंटाळलेले असतात. इथे त्यांना जुन्या वळणाचा ब्लूज मिळतो आणि शब्द मात्र ताजे मिळतात. ज्यांनी वेट्स कधी ऐकलेच नाहीत अशा मोजक्या श्रोत्यांनी हा सरळ ब्लूजचा अल्बम म्हणून ऐकला आणि त्यांना तो मनापासून आवडला. मला त्यांचे मत सर्वांत मोलाचे वाटते, कारण त्यांच्या मनात मूळ गाण्याची सावली नसते.

आपल्याकडच्या श्रोत्याला इथे थोडी अडचण येऊ शकते, असे मला वाटते. भावगीताच्या परंपरेत कवी, संगीतकार आणि गायक ही बहुधा तीन वेगळी माणसे असतात, पण एकदा एखाद्या गायकाच्या आवाजात गाणे लोकांच्या मनात बसले की पुढे ते जो गाईल त्याने हरकतीसकट हुबेहूब गावे, अशी अपेक्षा आपण धरतो. ब्लूजमध्ये या अपेक्षेला जागा नाही. तिथे दुसऱ्याचे गाणे घेणे म्हणजे त्याची लय, त्याचा वेग, प्रसंगी त्याच्या ओळींचा क्रमसुद्धा आपल्या हाताला बसेल असा बदलून घेणे. हे ध्यानात ठेवून ऐकल्यास वेट्सप्रेमींच्या आक्षेपातला बराचसा भाग आपोआप गळून पडतो.

हॅमंड यांची जवळपास सारी कारकीर्दच दुसऱ्यांची गाणी गाण्यात गेलेली आहे. १९६३ साली व्हॅनगार्ड या रेकॉर्ड कंपनीने त्यांचा पहिला अल्बम काढला, आणि स्वतः रचलेले गाणे त्यांनी ध्वनिमुद्रित केले ते थेट २००३ च्या ‘रेडी फॉर लव्ह’मध्ये. मधली चाळीस वर्षे ते रॉबर्ट जॉन्सन, मडी वॉटर्स, हाउलिन वुल्फ या जुन्या ब्लूज गायकांचे भांडार गात राहिले, बहुतेकदा एकटेच, हातात गिटार आणि गळ्यात अडकवलेली हार्मोनिका घेऊन. बॉब डिलन यांना कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीत आणणारे निर्माते जॉन हॅमंड हे त्यांचे वडील. नाव एकच असल्याने दोघांची गल्लत होते, म्हणून हे सांगणे भाग आहे. मुलाने ब्लूजची वाट आपल्या बळावर धरली. इतका काळ ज्याने केवळ इतरांची गाणी आपलीशी केली, तो जिवंत आणि समकालीन गीतकाराकडे वळतो तेव्हा काय करतो, याचे उत्तर या अल्बममध्ये मिळते. वेट्स यांचे एक गाणे त्यांनी १९९२ च्या ‘गॉट लव्ह इफ यू वॉन्ट इट’मध्येही गायले होते, त्यामुळे ही मैत्री अचानक जुळलेली नव्हती.

साथीदारांची निवड हा अल्बमचा कणा आहे. डबल बेसवर कॅन्ड हीट या बँडचे लॅरी टेलर, ड्रम्सवर स्टीफन हॉजेस, ऑर्गन आणि पियानोवर टेक्सासचे ऑगी मेयर्स, आणि हार्मोनिकावर चार्ली मसलव्हाइट. टेलर आणि हॉजेस यांनी वेट्स यांच्या मूळ अल्बमवरही वाजवलेले आहे; मसलव्हाइट वेट्स यांच्या १९९९ च्या ‘म्यूल व्हेरिएशन्स’वर आहेत, आणि त्याच्या कितीतरी आधी १९६५ साली हॅमंड यांच्या ‘सो मेनी रोड्स’वरही होते. म्हणजे हे वादक दोन्ही घरी वावरलेले आहेत. अल्बममध्ये कुठेही पाहुण्यासारखे अवघडलेपण जाणवत नाही, याचे मोठे कारण हेच असावे.

माझ्या मते अल्बमचा खरा मुक्काम ‘गेट बिहाइंड द म्यूल’ या गाण्यावर आहे. रॉबर्ट जॉन्सनच्या वडिलांच्या तोंडी घातलेल्या एका तक्रारीवरून वेट्स यांनी ध्रुवपद घेतले: पोराला सकाळी उठून खेचरामागे नांगर धरायला नको असतो. त्याच जॉन्सनचा माग काढणाऱ्या माहितीपटात हॅमंड स्वतः निवेदक म्हणून मिसिसिपीभर हिंडले होते, आणि जॉन्सनची गाणी त्यांनी जन्मभर गायली. साहजिकच हे गाणे त्यांच्याकडे आले तेव्हा ते घरी परतल्यासारखे झाले. वेट्स ते थकलेल्या, दमदार पावलांनी ओढत नेतात. हॅमंड यांच्या हातात त्याला तरतरी येते. गिटारची तीच ती आकृती पुन्हा पुन्हा फिरते, आणि ओळ संपण्याच्या किंचित आधी हॅमंड शब्द सोडून देतात, जणू उरलेले वाक्य तारांनी पुरे करावे. हेडफोन लावून ऐकताना ही जागा फार स्पष्ट कळते: आवाज थांबतो, तार पुढे जाते, आणि बेस या दोघांच्या खाली क्षणभर मागे रेंगाळून मग समेवर येतो. ज्यांना हा अल्बम ‘घासून पुसून लख्ख केलेला’ वाटतो, त्यांनी ही जागा पुन्हा ऐकावी अशी माझी विनंती आहे.

‘हार्टअटॅक अँड व्हाइन’ही असेच जमले आहे. या गाण्याला कव्हरचा, म्हणजे दुसऱ्याने नव्याने गाण्याचा, एक कडवट इतिहास आहे. स्क्रीमिन जे हॉकिन्स यांनी गायलेले त्याचे रूप एका जीन्स कंपनीने जाहिरातीत वापरले, तेव्हा वेट्स यांनी कायद्याची लढाई केली आणि कंपनीला जाहीर माफी मागावी लागली. आपल्या गाण्यांबाबत इतका दक्ष असलेला माणूस तेच गाणे हॅमंड यांच्या हाती देतो आणि स्वतः निर्मितीला बसतो, यातून त्याचा विश्वास दिसतो.

आक्षेप जिथे खरा ठरतो त्या जागाही मी लपवणार नाही. ‘शोअर लीव्ह’ हे गाणे दूरच्या बंदरात उतरलेल्या खलाशाने घरच्या बायकोच्या आठवणीत केलेले स्वगत आहे. मूळ गाण्यात वेट्स ते जवळजवळ बोलूनच सांगतात आणि भोवतालच्या विचित्र नादांतून ते परके शहर उभे करतात. हॅमंड यांनी त्याला ब्लूजचा डौल दिला, त्यात खलाशाचा एकटेपणा पातळ झाला. ‘क्लॅप हँड्स’बाबतही माझी नाराजी आहे. मूळ गाणे लहान मुलांच्या बडबडगीतासारखे सुरू होऊन अंगावर काटा आणते. इथे ते चांगले वाजवलेले गाणे आहे, त्यापलीकडे काही नाही. ‘सिक्स्टीन शेल्स’ मला पुष्कळ दिवस तितकेसे भिडले नाही, पण त्यातला जोर हळूहळू पटत गेला. ‘बिग ब्लॅक मरायाह’ मात्र पहिल्यापासूनच झकास. ‘रेन डॉग्ज’वर त्याला रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्स यांची गिटार होती, तरीही हॅमंड यांचे रूप कुठे उणे वाटत नाही.

अगदी वेगळा अनुभव ‘फॅनिन स्ट्रीट’चा आहे. ह्यूस्टनमधल्या त्या रस्त्यावर पाऊल ठेवून आयुष्य हरवून बसलेल्या माणसाचे हे शांत गाणे वेट्स यांनी तोवर स्वतः प्रसिद्ध केलेले नव्हते. त्यांच्या आवाजात ते २००६ च्या ‘ऑर्फन्स’मध्ये आले. म्हणजे पाच वर्षे श्रोत्यांच्या लेखी हॅमंड यांचेच गाणे मूळ होते. सुरुवातीचे ‘टू नाइन्टीन’ हे आगगाडीचे गाणेही याच प्रकारातले. कव्हर आणि मूळ यांच्या तुलनेवर हिरिरीने वाद घालणाऱ्या श्रोत्यांनी ही दोन गाणी कोणत्या खात्यात टाकायची ते ठरवून पाहावे.

ऐकण्याच्या सोयीबद्दल थोडे. छोट्या ब्लूटूथ स्पीकरवर लॅरी टेलर यांचा बेस जवळपास नाहीसा होतो आणि मग सगळी गाणी एकसारखी भासू लागतात. ‘एकसुरी’ हा शेरा मारणाऱ्या काही जणांनी अल्बम असाच ऐकलेला असावा, असा मला दाट संशय आहे. बरे हेडफोन किंवा जरा मोठे स्पीकर घ्यावेत. एका बैठकीत तेराही गाणी संपवण्याची घाई करू नये, कारण वेग बहुतांशी मध्यम आहे आणि उत्तरार्धात कान थकतात. मी पाच-सहा गाण्यांनंतर थांबते.

शेवटचे ‘आय नो आय हॅव्ह बीन चेंज्ड’ हे गॉस्पेल हॅमंड आणि वेट्स एकत्र गातात, आणि दोन्ही आवाजांतला फरक तिथे शेजारी शेजारी ऐकायला मिळतो: एक ताठ आणि मोकळा, दुसरा खरखरीत आणि आतून दाबलेला. ज्यांना मूळ गाणी पाठ आहेत त्यांनी अल्बम इथूनच, म्हणजे शेवटाकडून सुरू करावा. ज्यांना वेट्स नवीन आहेत त्यांनी आधी हा अल्बम ऐकावा आणि मग ‘रेन डॉग्ज’कडे जावे.