लेथवरच्या कामाचा पॉलिश पेपर कुठे ठेवावा: फाईल, खणांची पेटी, रोल की खिळ्यांची पट्टी?

लेथवर, म्हणजे लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावर, कातीव काम करणाऱ्याला लागणारा नवा पॉलिश पेपर फारशी जागा अडवत नाही. ८० ते ४०० नंबरचे (नंबर जितका लहान तितके दाणे जाड) मिळून पन्नास ताव एकावर एक रचले, तरी गठ्ठा दोन-तीन सेंटिमीटरांचा होतो. पसारा होतो तो कापलेल्या, दुमडलेल्या, एकदा वापरून 'अजून चालेल' म्हणून बाजूला टाकलेल्या तुकड्यांचा. म्हणून पर्याय निवडताना नवे ताव कुठे मावतील यापेक्षा अर्धवट तुकडा हातातून सुटल्यावर कुठे जाईल, हे आधी पाहावं. दुसरी कसोटी पावसाळ्याची.

हलगर्जी साठवण लेथवर जास्त महाग पडते, त्याला कारण आहे. सपाट फळी आपण लाकडाच्या रेषेच्या दिशेने घासतो, त्यामुळे चुकून उठलेला ओरखडा रेषांत लपून जातो. लेथवर वस्तू फिरते आणि ओरखडा रेषेला आडवा पडतो. ३२० च्या तुकड्यावर ८० चा एकच दाणा चिकटलेला असला, तरी पूर्ण घेरावर कडं उमटतं. लाख किंवा तेल चढवल्यावर ते जास्तच ठळक दिसतं, आणि ते घालवायला पुन्हा १८० पासून सुरुवात करावी लागते.

विस्तारणारी फाईल

स्टेशनरीच्या दुकानात मिळणारी बारा-तेरा कप्प्यांची फाईल सर्वांत स्वस्त आणि आजच्या आज वापरता येणारी. पॉलिश पेपरचा प्रमाण ताव २३० बाय २८० मिलिमीटरचा असतो, म्हणजे ए४ पेक्षा २० मिलिमीटर रुंद आणि थोडा आखूड. नेमकी ए४ मापाची फाईल घेतली तर कडा दुमडतात, म्हणून फुलस्केपची घ्यावी आणि ताव आत घालून पाहूनच घ्यावी. कप्प्यांवर नंबर लिहिता येतात, झाकण असल्याने भुसा आत जात नाही, आणि बाहेर कामाला जाताना सगळा साठा एका हातात नेता येतो.

अडचण दोन ठिकाणी येते. ६० आणि ८० चे जाड ताव प्लॅस्टिकचा कप्पा आतून खरवडतात, शिवण सुटते आणि सुटलेले दाणे फाईलच्या तळाशी उतरतात. त्यामुळे १०० च्या खालचे नंबर या फाईलीत ठेवूच नयेत. दुसरी अडचण तुकड्यांची. लहान तुकडा कप्प्यात टाकला की तो तळाला जातो आणि परत कधी वर येत नाही.

प्लायच्या खणांची पेटी

एका जागी बसून रोज काम करणाऱ्यासाठी आमची पहिली पसंती हीच. आठ खणांच्या पेटीची मापं अशी: आतली रुंदी २४० मिलिमीटर, खोली २९०, प्रत्येक खण २० उंच. बाजूंना, वर आणि खाली १२ मिलिमीटर प्लाय, मधले फळे ६ मिलिमीटरचे. बाजूंच्या प्लायमध्ये ६ मिलिमीटर रुंद आणि ४ खोल खाचा पाडून फळे सरकवायचे, म्हणजे खिळा लागत नाही. फळ्याची रुंदी २४७ ठेवावी. दोन्ही खाचा धरून २४८ होते, पण फुगायला मिलिमीटरभर जागा हवी. सगळं मिळून उंची २२६ मिलिमीटर भरते. प्रत्येक फळ्याच्या पुढच्या कडेला मधोमध ६० रुंद आणि ३० खोल अर्धगोल कापावा. हा काप नसेल तर तळातला शेवटचा ताव नखाने उचलावा लागतो आणि त्याची कड फाटते.

फळ्यांसाठी एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला फळा) स्वस्त पडतो, पण कोकणात आणि घाटमाथ्यावर तो दोन पावसाळ्यांत फुगून खाचेत घट्ट बसतो. बीडब्ल्यूआर, म्हणजे पाण्याला टिकणारा प्लायच घ्यावा. खणांचा क्रम खालून वर जाडपासून बारीक असा लावावा, म्हणजे जाड नंबरचे सुटलेले दाणे बारीक कागदावर पडणार नाहीत. हे उलटं लावलेलं बऱ्याच ठिकाणी दिसतं आणि सारा खटाटोप वाया जातो.

पेटीचा दोष एवढाच की ती बनवायला एक दिवस जातो, आणि पुढे दार बसवलं नाही तर ती धूळ साठवायची जागा होऊन बसते.

रोल

कापडी पाठीचा एमरी रोल लेथवर सर्वांत सोयीचा. तो नक्षीच्या खाचेत, मण्याच्या गळ्यात वळतो आणि कागदासारखा घडीवर तुटत नाही. लवचीक, 'जे' (J) वजनाचं कापड मागावं. 'एक्स' (X) वजनाचं जाड कापड पट्ट्याच्या मशीनसाठी असतं, ते बोटाखाली वळत नाही. सहा रोल १२ मिलिमीटरच्या सळईवर शेजारी शेजारी लावले की साठवण झाली. बाहेर आलेली टोकं लाकडी पट्टीखाली दाबून धरावीत, हवं तेवढं ओढून जुन्या कात्रीने काठाला चीर द्यावी आणि फाडावं.

यात नंबर हरवण्याचा धोका मोठा. मागचा छाप काही अंतराने येतो, त्यामुळे छोट्या पट्टीवर तो असेलच असं नाही. दुसरं म्हणजे गाभ्याजवळचा शेवटचा भाग इतका आवळलेला असतो की पट्टी सरळ राहत नाही. आणि हे रोल हेडस्टॉकजवळ, म्हणजे लेथच्या फिरत्या टोकाजवळ, कधीही लावू नयेत. लोंबती कापडी पट्टी फिरत्या चकमध्ये (लाकूड धरणाऱ्या पकडीत) गेली तर ती तुटत नाही, गुंडाळत जाते आणि हाताला सोबत ओढते. याच कारणाने काम करताना पट्टी बोटाला गुंडाळू नये.

खिळे आणि क्लिपा

भिंतीवर खिळ्यांची रांग, प्रत्येक खिळ्याला बाइंडर क्लिप, क्लिपेत एका नंबरचे तुकडे. समोर दिसतं, झटकन हाती येतं, खर्च जवळपास नाही. पण दोन्ही बाजूंनी हवा लागत असल्याने कागद सर्वांत लवकर वळतो तो इथेच, आणि वरची धूळ थेट दाण्यांत बसते. महिन्याभराचा साठा टांगायला ही जागा नाही. दिवसाच्या कामाचे तुकडे टांगायला मात्र उत्तम.

वेल्क्रोच्या डिस्क

वेल्क्रोने चिकटणाऱ्या पॉलिश पेपरच्या गोल चकत्या, म्हणजे डिस्क, ड्रिलला लावून वाटी-ताटलीचा आतला भाग घासणाऱ्यांनी पीव्हीसी पाइप वापरावा. ५० मिलिमीटरच्या डिस्कला ६३ चा पाइप, ७५ च्या डिस्कला ९० चा. साधारण १०० मिलिमीटर लांबीचे तुकडे कापून खाली टोपी बसवावी आणि बाजूने बोट जाईल एवढी उभी फट कापावी. त्या फटीतून किती डिस्क उरल्या ते दिसतं आणि खालून ढकलताही येतं.

तुकड्यांची व्यवस्था

आता मुख्य मुद्दा. तावाचे आठ तुकडे करावेत: लांबीत चार, रुंदीत दोन. प्रत्येक तुकडा ७० बाय ११५ भरतो. तो पत्रासारखा तीन घड्यांत, दाणे बाहेर ठेवून दुमडला की सुमारे ३८ बाय ७० ची गादी होते. अशा घडीत दाण्याला दाणा भिडत नाही, कागदाची पाठ दाण्यावर टेकते, त्यामुळे गादी सरकत नाही आणि आतला भाग ताजा राहतो. घडी उलटवत गेलं की एका तुकड्यातून तीन तोंडं मिळतात.

कापण्याआधी तावाच्या पाठीवर मार्करने आठही ठिकाणी नंबर लिहावा. नाहीतर दोन-तीन तुकड्यांवरच छाप येतो आणि बाकीचे अनोळखी होतात. १५० आणि १८० बोटाने ओळखू येतात असं वाटतं, पण एकदा वापरलेल्या तुकड्याबाबत तो अंदाज हमखास चुकतो.

नंबरच्या आधी 'पी' (युरोपीय मापाची खूण) आहे का तेही लिहावं. २२० पर्यंत दोन्ही मोजमापांत फार फरक पडत नाही. पुढे मात्र पडतो: पी नसलेला अमेरिकी मापाचा ३२० साधारण पी ४०० एवढा बारीक असतो, आणि ६०० हा पी १२०० च्या आसपास जातो. दोन्ही एकाच खणात गेले तर बारीक करत जाण्याचा क्रमच मोडतो.

लेथपाशी ठेवायला २० मिलिमीटर जाडीची लाकडी पट्टी घ्यावी आणि तिच्यात करवतीने दर ४० मिलिमीटरवर तिरप्या खाचा पाडाव्यात. गादी तिच्यात उभी राहते. प्रत्येक नंबरला एक खाच, क्रम पेटीतलाच. पट्टी टेलस्टॉकच्या (हेडस्टॉकसमोरच्या, न फिरणाऱ्या टोकाच्या) बाजूला छातीच्या उंचीवर बसवावी, म्हणजे फिरत्या वस्तूवरून हात न्यावा लागत नाही. जास्त दाब दिल्याशिवाय लाकूड निघत नसेल किंवा भुशाऐवजी नुसती चमक येत असेल, तर तुकडा फेकावा. झिजलेला कागद उष्णता निर्माण करतो आणि पातळ वाटीच्या आडव्या तोंडावर (जिथे रेषांची टोकं उघडी असतात) केसासारख्या चिरा पाडतो. 'जुना १८० म्हणजे २४० झाला' हा समज सोडावा. त्यात उरलेले दोन-चार धारदार दाणे १८० चाच ओरखडा काढतात.

टूलरेस्ट (हत्यार टेकवायची लोखंडी पट्टी) किंवा हत्यारांचा गंज घासलेला तुकडा वेगळ्या डब्यात ठेवावा. त्यातली लोखंडाची पूड बाभळीसारख्या टॅनिनच्या लाकडावर ओल लागताच काळे डाग पाडते. ग्राइंडरच्या ठिणग्यांच्या वाटेवर तर कुठलाच पेपर नको.

कोणाला काय सोयीचं

शनिवार-रविवारी पेन, भोवरे, लाटणी कातणाऱ्याला फाईल आणि खाचांची पट्टी पुरते. पेटी बनवण्यात वेळ घालवू नये. रोज चार-सहा तास लेथ चालवणाऱ्याने पेटी करावी, त्यात १२० आणि १८० चे दहा-दहा ताव आणि बाकीचे पाच-पाच ठेवावेत. सावंतवाडीच्या लाखकामासारखं गोल, नक्षीदार, एकाच मापाचं काम सतत होत असेल तर रोल परवडतो, पेटीत फक्त बारीक नंबर ठेवले तरी चालतं. वाट्या आणि ताटल्या करणाऱ्याला डिस्कचे पाइप लागणारच.

पावसाळा

कागदी पाठ ओल शोषते, फुगते आणि ताव वळतो. सरसाने दाणे चिकटवलेला कागद असेल तर सरस मऊ पडून दाणे गळतात. रेझिनने (कृत्रिम राळेने) चिकटवलेला कागद टिकतो, पण वळतो तोही. उत्पादक साधारण ४५ ते ६५ टक्के आर्द्रता सुचवतात. जुलैत कोकणात ती सहज ८५ च्या वर असते. उघड्या खणांत सिलिका जेल ठेवण्याला अर्थ नाही, ते खोलीभर हवा सुकवत बसतं. दाराला रबरी गॅस्केट लावून पेटी बंद करावी आणि आत रंग बदलणारं १०० ग्रॅम जेल ठेवावं. रंग बदलला की ते काढून ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास तापवावं. जेल नको असेल तर जून ते सप्टेंबर घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा पुरे. काही ठिकाणी कपाटात बल्ब लावून ऊब देतात. बारीक भुसा साठणाऱ्या जागी ते आगीला निमंत्रण आहे. ३२० च्या पुढे काळा वॉटरपेपर (पाण्यातही वापरता येणारा) घेतला तर ओलीची चिंता निम्मी होते.

वळलेला ताव उन्हात टाकू नये, आणखी वळतो. दोन प्लायमध्ये वजनाखाली दिवसभर ठेवावा, मग पाठ खाली करून टेबलाच्या कडेवरून ओढून लवचीक करावा.

तेल लावून ओलं घासलेले तुकडे कुठल्याही पेटीत किंवा कचऱ्याच्या डब्यात कोंबू नयेत. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि दाबलेल्या ढिगात ती बाहेर न पडल्याने तो आपोआप पेट घेऊ शकतो. असे तुकडे बाहेर फरशीवर एकेक पसरून वाळवावेत आणि कडक झाल्यावरच टाकावेत.