एकच रविवार, मिसळ कुठली: कोल्हापूर की नाशिक?

पावसाळा सरला की आमच्या मिसळमंडळात दरवर्षी हाच वाद पेटतो. सगळे पुण्यात राहणारे, गाडी एक, सुट्टी एका रविवारची. कोल्हापूर साधारण 230 किलोमीटर, नाशिक 210, म्हणजे अंतर कुणाच्याच बाजूने बोलत नाही. मिसळीच्या दरातही भांडण्यासारखं काही नाही, त्याच्या कितीतरी पट पेट्रोलला जातात. बेडेकर आणि श्रीकृष्ण भुवन ही पुण्यातली मिसळीची ठिकाणं दाराशी असताना एवढ्या लांब कशाला तडमडायचं, असं घरचे विचारतात. त्यावर आम्ही गप्प बसतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. नुसतं खायचं असेल तर कोल्हापूर. खाता खाता गप्पा मारायच्या असतील तर नाशिक. पण हे कळायला मला दोन्हीकडे फसावं लागलं.

कोल्हापूरच्या मिसळीचा जीव कटात, म्हणजे मिसळीवर ओततात त्या तिखट रश्श्यात. पुण्यात ज्याला आपण सँपल म्हणतो त्याच जागी हा येतो, पण जात वेगळी. कोल्हापुरात कांदा-लसूण मसाल्याला नुसतं ‘चटणी’ म्हणतात. उन्हाळ्यात कांडून घरोघरी वर्षाची बेगमी होते. रंगाला ब्याडगी मिरची, तिखटाला संकेश्वरी किंवा लवंगी, शिवाय सुकं खोबरं, तीळ, धणे, लसूण. ही चटणी तेलात पडली की जो लाल पातळ रस्सा तयार होतो, तो दिसतो तेवढा जाळत नाही. पहिल्या घासाला ठसका, तिसऱ्याला नाक वाहतं, आणि मग जीभ शांतपणे लसूण नि खोबरं वेगवेगळं ओळखायला लागते. फडतरे, चोरगे, खासबाग, बावडा ही मिसळवाल्यांची नावं सगळ्यांना माहीत असतात. त्यांत पहिलं कोण, हे मी लिहिणार नाही, मला पुन्हा त्या गावात जायचंय.

आणि पाव नाही, ब्रेड. जाड कापलेले स्लाइस. पहिल्यांदा मी अख्खा स्लाइस कटात बुडवला आणि उचलताना तो मधोमध तुटून बशीत पडला. समोर बसलेल्या काकांनी काही न बोलता आपला स्लाइस मोडला, तुकडा चिमटीत धरला, फक्त टोक बुडवलं आणि खाल्लं. शिकवणी संपली. तेवढ्यात वाढपी कट घेऊन आला, ‘घालू काय?’ म्हणाला आणि उत्तराची वाट न बघता घातला.

गप्पा मात्र टेबलावर होत नाहीत. तुम्ही बसलात की पाठीमागे पुढचा माणूस उभा, त्याची नजर तुमच्या मानेवर. वीस मिनिटांत उठावंच लागतं. कोल्हापूरची खरी चर्चा बाहेर, रांगेत. तिथे अनोळखी माणूस तुमची परीक्षा घेतो. ‘बावड्याला गेला न्हाईसा? मग मिसळ खाल्ली म्हणू नगा.’ त्याच्या मागचा लगेच खासबागची बाजू घेतो. या पंधरा मिनिटांत जेवढं शिकायला मिळतं तेवढं आमच्या मंडळाच्या वर्षभराच्या बैठकांत मिळालेलं नाही.

नाशिकला सगळा मामला पसरलेला. शहरात अंबिका, तुषार, भगवंतराव, सातपूरची श्यामसुंदर अशी जुनी नावं आहेतच, पण बाहेरगावचे लोक जातात ते मळ्यातल्या मिसळीला. साधनाची चुलीवरची मिसळ, मखमलाबादकडे द्राक्षबागेतली ग्रेप एम्बसी. बहुतेक ठिकाणी ताट येतं: मटकी एकीकडे, रस्सा वाटीत वेगळा, शेव-फरसाण, कांदा, लिंबू, दही, पापड, पाव, आणि बऱ्याचदा जिलबी. मिसळायचं काम तुमचं. तिखट किती, कुरकुरीत किती, हे ज्याचं त्याने ठरवावं. काळ्या मसाल्याचा रस्सा असेल तर भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचा खमंग, किंचित कडवट वास येतो. खानदेश जवळ आहे हे नाकाला आधी कळतं. कोल्हापुरी कट एकदम अंगावर येतो, नाशिकचा काळा रस्सा घसा धरून हळूहळू चढतो. जिलबीचा उपयोग तेव्हा कळतो. (जिलबी रश्श्यात बुडवून खाणारा एक सभासद आमच्यात आहे. त्याच्याबद्दल इथे नको.)

पोरं मोकळी सुटतात, आजोबांना खुर्ची मिळते, दुसऱ्या रश्श्यानंतर चहा येतो आणि ‘हा मसाला भाजलेला की तळलेला’ यावर तासभर भांडता येतं. कुणी उठवत नाही. आठ-दहा जणांचं टोळकं असेल तर कोल्हापूरचा विचारही करू नका. चार टेबलांवर विखुरले जाल, आणि कुणी काय खाल्लं ते घरी आल्यावर कळेल.

आता फसल्याच्या गोष्टी. नाशिकला एकदा ऐन रविवारी दहाला पोचलो. एका मळ्यात नाव लिहून दिलं आणि सव्वा तास झाडाखाली बसलो. शेवटी ताट आलं तेव्हा गर्दीला पुरवण्यासाठी रस्सा पाणी घालून वाढवला होता हे पहिल्या घोटातच कळलं. शनिवारी जा, नाहीतर आठच्या आत पोचा. कोल्हापूरची चूक उलटी. रमतगमत कराडला चहा घेत दीडला पोचलो, तर पोरगा पातेलं घासत होता. तिथे मिसळ हा सकाळचा कार्यक्रम. म्हणून शहाणा माणूस गाडी काढतच नाही, महालक्ष्मी एक्सप्रेसने जातो. मध्यरात्रीनंतर पुण्यात बसायचं, सकाळी कोल्हापूर. स्टेशनवर तोंड धुवा आणि सरळ रांगेत उभे राहा. पुणे-नाशिकला अशी सोयीची रेल्वे नाही, संगमनेर-सिन्नरमार्गे रस्ताच.

द्राक्षं बघायची हौस असेल तर नाशिकला जानेवारी ते मार्च. एप्रिलच्या छाटणीनंतर मांडवावर नुसत्या काड्या दिसतात आणि मग बायको विचारते, बाग कुठाय.

मिसळीनंतरच्या दिवसाचं म्हणाल तर इथे कोल्हापूर सहज पुढे. दुपारी तांबडा-पांढरा रस्सा, संध्याकाळी खासबागेजवळ राजाभाऊंची भेळ, गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध. पोट हाच काय तो अडथळा. नाशिकमध्ये मेन रोडला सायंताराचा साबुदाणा वडा आणि येताना कोंडाजीचा चिवडा, एवढं माझ्या यादीत आहे. तिथे नंतर काय करायचं हे बहुतेक मिसळीच्या ताटाशेजारीच ठरतं.

तिखट सोसत नाही असा कुणी बरोबर असेल तर नाशिक. रस्सा वेगळा असल्यामुळे तो सुटतो. एकटे किंवा दोघंच असाल, आणि मिसळीवर मत असलेल्या अनोळखी माणसाशी वाद घालण्यात मजा वाटत असेल, तर कोल्हापूर. पहिल्यांदाच जाताय? तरीही कोल्हापूर, कारण कटाची सवय लागली की नाशिकचं ताट नीट कळतं. उलट क्रमाने गेलेले आमचे दोघे अजून कोल्हापूरला ‘जिलबी नाही’ म्हणून नाक मुरडतात.

यंदा मंडळात मतदान झालं. सात विरुद्ध दोन, जानेवारीत नाशिक. त्या दोघांनी त्याच शनिवार रात्रीची महालक्ष्मीची तिकिटं काढून ठेवली आहेत. त्यातलं एक माझं.