जुनं जाळीचं कपाट भाड्याच्या स्वयंपाकघरात : दहा महिन्यांच्या वापरानंतर

पांढरं लॅमिनेट, काळा ग्रॅनाइटचा ओटा, दोन बाय दोनच्या चकचकीत फरशा. गोव्यात पर्वरीपासून फातोर्ड्यापर्यंत भाड्याच्या फ्लॅटचं स्वयंपाकघर साधारण असंच असतं. भिंतीला भोक पाडायची परवानगी नसते आणि करार अकरा महिन्यांचा. अशा जागेत काही जुनं आणायचं तर ते स्वतःच्या पायांवर उभं राहणारं हवं आणि रोज वापरात यायला हवं. नुसतं शोभेचं ठेवलं तर महिन्याभरात त्यावर पिशव्या साठतात.

जाळीचं कपाट या दोन्ही कसोट्यांवर उतरतं. फ्रिज येण्याआधी दूध, भाकऱ्या, रात्रीचं हुमण (माशांची आमटी) त्यातच असायचं. इथे ज्या कपाटाबद्दल लिहिलं आहे ते तीन फूट रुंद, साडेचार फूट उंच आणि सोळा इंच खोल. वर जाळीची दोन दारं, मध्ये एक ओढायचा खण, खाली भरीव दारं. चौकट सागवानी, फळ्या फणसाच्या. ऑक्टोबरपासून जुलैपर्यंत, म्हणजे कोरडे महिने, मे महिन्याचा उकाडा आणि दीड-दोन महिने पाऊस, एवढं सगळं त्याने पाहिलं.

घेताना नक्षी शेवटी बघा, आधी पाय बघा. पाणी पिऊन कुजलेला पाय वरून रंगवला तर ओळखू येत नाही. कपाट आडवं करून पायाच्या तळाला टोच्या लावावा, तो सहज आत गेला तर तेवढा भाग बदलावा लागणार. मग पाठ. पाठीला प्लायवूड किंवा चौफुलीच्या खाचेचे स्क्रू दिसले तर निदान तो भाग तरी नंतरचा. हिरवा-निळा जुना रंग असेल तर तो कोरडा घासू नका. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे २०१७च्या नोव्हेंबरपासून लागू झाली, त्याआधीच्या रंगात शिसं धरूनच चालावं. ओला करून पत्रीने खरवडायचा, तोंडाला मास्क, खरवड कागदात गुंडाळून टाकायची. मुलं घरात असतील तर हे काम घराबाहेरच.

घरात आणल्यावर पंधरा दिवस ते ओट्याजवळ नेऊ नये. खाली काळा कागद पसरून ठेवावं. पिठासारखा बारीक भुसा पडला तर किडा जिवंत आहे. जुनी भोकं मेणाने बुजवली की नवीन पडलेलं भोक लगेच कळतं. सागाच्या गाभ्याला किडा सहसा लागत नाही, पण कडेचं फिकट लाकूड त्याला आवडतं. उपाय स्वस्त आहे: एक लिटर गरम पाण्यात ६० ग्रॅम टाकणखार (बोरॅक्स) आणि ४० ग्रॅम बोरिक ॲसिड. उघड्या लाकडावर ब्रशने दोन हात, भोकांत सुईने. पॉलिशवर लावून उपयोग नाही, ते आत मुरतच नाही. अन्न ठेवायच्या फळ्यांना हे लावू नये. पाठ, तळ आणि सांधे पुरे. जुन्या घरांच्या वाशांना काजूच्या टरफलाचं तेल लावत, वाळवीवर ते चांगलं, पण कातडी भाजतं. स्वयंपाकघरातल्या वस्तूला ते नको.

पॉलिशच्या बाबतीत सर्रास दिला जाणारा सल्ला गोव्यात अंगाशी येतो. जवसाचं तेल दिसायला सुंदर, पण दमट हवेत त्यावर बुरशी पोसते. शिवाय तेलाचे बोळे चुरगळून ठेवले तर आपोआप पेट घेऊ शकतात, ते पसरूनच वाळवावे लागतात. आतून लाखेचं पॉलिश उत्तम: एक लिटर स्पिरिटला १५० ग्रॅम चपडी लाख, पातळ तीन हात. बाहेरून त्यावर मेण. हे काम मेच्या मध्यापर्यंत उरका. पावसाळी हवेत लावलेली लाख ओल धरून पांढरी पडते. पांढरे डाग गरम पातेल्यानेही पडतात, म्हणून आत एक अडणी कायमची. आणि सॅनिटायझर किंवा स्पिरिटने पुसायचं नाही, लाख विरघळते. बुरशीचा पांढरा थर आला तर ओल्या फडक्यावर थोडं व्हिनेगर घेऊन पुसायचं आणि लगेच कोरडं करायचं.

गंजलेली लोखंडी जाळी काढून ३०४ प्रतीची स्टेनलेस स्टीलची लावली तर घरात खाऱ्या हवेतही ती लोखंडापेक्षा जास्त टिकते. दहा महिन्यांत एकही डाग नाही. नायलॉनची घेऊ नका, उंदीर एका रात्रीत कुरतडतो. दोन दारं आणि दोन बाजू मिळून चार तुकडे, प्रत्येकी सोळा बाय सव्वीस इंच; तीन फुटी पन्ह्याची साडेचार फूट जाळी पुरते. पट्ट्या आणि बिजागऱ्यांना पितळी स्क्रूच, लोखंडी स्क्रूभोवती लाकूड काळं पडतं.

आता खरा विषय, मुंग्या. जाळी झुरळ, पाल, माशी अडवते. बारीक लाल मुंगी तिच्यातून सरळ आत जाते. तिला अडवतात त्या पायांखालच्या पाण्याच्या वाट्या. मात्र पाय थेट पाण्यात ठेवला की लाकूड खालून पाणी ओढतं आणि कुजतं. जुन्या कपाटांचे पाय बहुतेक असेच गेलेले असतात. ओट्याच्या ग्रॅनाइटचे अडीच इंची चौकोनी तुकडे कारखान्यात मिळतात. प्रत्येक वाटीत १८ मिलिमीटर जाडीचे दोन, एकमेकांवर चिकटवून, त्यावर पाय. वाटी चिनीमातीची, तोंड किमान पाच इंच, पाणी एक इंच. पाण्यात साबणाचे चार थेंब टाकले की मुंगी तरंगत नाही, बुडते. दर रविवारी पाणी ओतून वाटी आतून घासायची. डेंग्यूचा डास पाण्याच्या रेषेच्या जरा वर, वाटीच्या कडेला अंडी चिकटवतो आणि ती कोरडी पडूनही काही महिने जगतात. नुसतं पाणी बदलणं पुरत नाही.

एवढं करूनही मार्चमध्ये मुंग्या आल्या. कारण दाराच्या मुठीला अडकवलेलं फडकं, त्याचं टोक ओट्याला टेकत होतं. कपाट भिंतीपासून दोन इंच सुटं हवं, आणि कशालाच टेकलेलं नको. त्या दोन इंचांतून हवा खेळते म्हणून पाठीला बुरशीही कमी धरते. शेगडीपासून मात्र चार-पाच फूट लांब ठेवा, नाहीतर फोडणीचा तेलकट धूर जाळीची भोकं बुजवतो. सुटी करून धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने घासली की जाळी मोकळी होते.

आत काय राहतं? कांदे, बटाटे, नारळ, केळी, मे महिन्यात पिकायला ठेवलेले मानकुराद आंबे, बरणीतली सोलं (आमसुलं). लॅमिनेटच्या बंद खणात जो कांदा आठवड्यात मऊ पडायचा, तो इथे तीन आठवडे टिकला. हा फरक फक्त हवेचा. पावसाळ्यात पापड, साखर, गूळ उघडे ठेवले तर सादळतात, त्यांना घट्ट डबेच लागतात. पोदेराचे (पाववाल्याचे) उंडे, म्हणजे गोल पाव, जुलैत दुसऱ्या दिवशी बुरसटले. सुका बांगडा ठेवायचाच तर पत्र्याच्या डब्यात, वास फळीत मुरला की निघत नाही. कालची कडी (माशांची आमटी) आटवून रात्रभर कपाटात ठेवायची पद्धत जुनी असली तरी शिजवलेलं अन्न दोन तासांत फ्रिजमध्येच जायला हवं. हे कपाट फ्रिजची जागा घेत नाही.

जूनअखेर खण अडकू लागला. तेव्हा रंधा मारायचा मोह आवरा. आता तासलात तर फेब्रुवारीत तो खुळखुळेल. पांढरी मेणबत्ती खणाच्या कडांना घासली आणि तो सरकला. दर आठ-दहा दिवसांनी दारं सताड उघडून दोन तास पंखा लावला की आतला कोंदट वास जातो.

भाड्याच्या घरापुरतं आणखी एक. घर ताब्यात घेताना सामानाची जी यादी होते, तिच्यात हे कपाट भाडेकरूचं आहे असं लिहून घ्या आणि खालच्या फरशीचा फोटो काढून ठेवा. वाट्यांखाली काळं रबर घालू नका, फरशीवर डाग राहतो. बुचाच्या चकत्या चालतात. हलवताना दारं आणि खण काढून, बिजागऱ्यांचे स्क्रू दारनिहाय पुडीत बांधून, कपाट उभंच न्या. आडवं नेलं की सगळं वजन पायांच्या सांध्यांवर येतं.