रक्सौल ते बीरगंज : पंधराशे म्हणजे कुठले पंधराशे?

बँकेत माझी एकतीस वर्षं गेली, त्यातली निम्मी कॅश काउंटरवर. खोटी नोट बोटाला कळायची. हाताखालची पोरं मशीनच्या आधी मला विचारायची. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना हसायचं तेवढं हसून घ्या. आमच्या घरात हसून झालंय.

गोष्ट नोव्हेंबर २०२२ ची. आम्ही दोघं, मेहुणी आणि साडूभाऊ असे चौघे कराडहून पशुपतिनाथाच्या दर्शनाला निघालो. चौघांचं विमानभाडं जड जात होतं आणि साडूभाऊंना पहिल्यापासून रेल्वेचं वेड. कुर्ला टर्मिनसवरून रक्सौलला थेट गाडी आहे, हे त्यांनीच शोधून काढलं. रक्सौल म्हणजे बिहारच्या पूर्व चंपारण जिल्ह्यातलं अगदी टोकाचं स्टेशन. मध्ये सिरसिया नदी (नदी म्हणायची, वास मात्र नाल्याचा) आणि पलीकडे बीरगंज, म्हणजे नेपाळ.

गाडीत साडूभाऊंनी आम्हाला सगळा इतिहास ऐकवला. १९२७ साली नेपाळच्या राणांच्या, म्हणजे तिथल्या पिढीजात पंतप्रधानांच्या, राजवटीत रक्सौलहून अमलेखगंजपर्यंत अरुंद रुळांची गाडी सुरू झाली, १९६५ मध्ये ती बंद पडली, त्या काळी अमलेखगंजच्या पुढे भीमफेदीपर्यंत मोटारीने जायचं आणि तिथून डोंगर चढून पायी काठमांडू. राणांच्या मोटारी हमालांनी खांद्यावरून वर नेल्या. आता रक्सौल-काठमांडू अशी नवी रेल्वे व्हायची आहे आणि तिचं सर्वेक्षण आपल्या कोकण रेल्वेने केलंय, हे सांगताना तर त्यांची छाती दोन इंच फुगली होती. १९२७ साली काय होतं ते चौघांना पाठ झालं. स्टेशनाबाहेर पडल्यावर रिक्षाला किती द्यायचे, ते मात्र कोणीच कोणाला विचारलं नाही.

दुपारी उतरलो. जिन्यावरच चार-पाच जण बॅगांना झोंबायला लागले. ‘बीरगंज? काठमांडू? आइए आइए.’ मेहुणीच्या हातातली पिशवी एकाने जवळजवळ ओढलीच. तेवढ्यात तिशीतला एक जण पुढे आला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात निळ्या फितीचं ओळखपत्र, त्यावर ‘यात्री सहायता’ एवढंच वाचता आलं, कारण ते सारखं उलटं फिरत होतं. त्याने त्या पोरांना झापलं. ‘बुज़ुर्ग लोग हैं, तमीज़ से बात करो.’ पोरं मुकाट्याने बाजूला झाली. आमच्या बॅगेला हात न लावणारा तो एकटाच, म्हणून आम्ही त्याच्या मागे गेलो. आता वाटतं, ती पोरंही त्याचीच असणार. इतकी लगेच ऐकणारी पोरं स्टेशनाबाहेर नसतात.

ई-रिक्षात बसलो आणि दोन मिनिटांत अडकलो. रक्सौलच्या मुख्य रस्त्यावर रेल्वेचं फाटक आहे, तिथले लोक त्याला गुमटी म्हणतात. गुमटी बंद झाली की ट्रक, टांगे, सायकली आणि माणसं यांचा एकच गोळा होतो. कंटेनरची लांबलचक मालगाडी मुंगीच्या पावलाने सरकत होती. तेवढ्या वेळात हा आमच्याशी गप्पा मारत बसला. ओळखपत्र कुठलं आहे? पैसे कुठल्या नोटांत आहेत? आज रात्रीच काठमांडू गाठायचंय का? आम्ही शाळेतल्या मुलांसारखी उत्तरं दिली. माझ्याकडे मतदार कार्ड, बाकी तिघांकडे फक्त आधार. माझ्याकडे शंभराच्या नोटांची एक गड्डी, म्हणजे दहा हजार, आणि साडूभाऊंकडे पाचशेच्या चाळीस नोटा, म्हणजे वीस हजार. आपण आपल्या खिशाची यादी त्याला वाचून दाखवतोय, हे कॅशवर बसलेल्या माणसाला कळू नये?

‘आधार नहीं चलता, चाचाजी,’ तो हळहळत म्हणाला. ‘पाँच सौ का नोट तो बिलकुल नहीं. उधर पकड़ा गया तो...’ वाक्य त्याने पुरं केलं नाही. मेहुणीने पर्स छातीशी धरली.

गुमटी उघडल्यावर रिक्षा सरहद्दीकडे न जाता एका गल्लीत वळली. अरुंद दुकान, काचेचं टेबल, भिंतीवर पशुपतिनाथाचा फोटो, बाहेर ‘टूर अँड ट्रॅव्हल्स’ची पाटी. टेबलामागच्या माणसाने आम्हाला चहा दिला. पहिलं काम परमिटचं. माणशी साडेतीनशे, चौघांचे चौदाशे. माझ्याकडे मतदार कार्ड असताना मला परमिट कशाला, असं विचारलं, तर म्हणाला, ‘ग्रुप का एक ही बनता है.’ त्याने गुलाबी पावती फाडली, चौघांची नावं लिहिली, जांभळा शिक्का मारला. ती पावती अजून माझ्याकडे आहे. छापील रकाना आहे ‘वाहन सं.’ आणि त्यापुढे पेनाने लिहिलंय ‘४ व्यक्ति’. खाली ‘चालक के हस्ताक्षर’, तिथे माझी सही. कुठल्या तरी पार्किंगचं पुस्तक होतं ते. एकतीस वर्षं सही करण्याआधी कागद वाचा असं खातेदारांना सांगत आलो, आणि स्वतः चालक म्हणून सही करून आलो.

दुसरं काम नोटांचं. आपले शंभर म्हणजे नेपाळी एकशे साठ, हा दर कित्येक वर्षं ठरलेलाच आहे, मलाही ठाऊक होता. पण ‘पाँच सौ का रिस्क है’ म्हणून त्याने एकशे चाळीसने दिले. वीस हजारांचे बत्तीस हजार यायला हवे होते, अठ्ठावीस हजार आले. मी ते दोनदा मोजले. एक नोटही कमी नव्हती. मोजणी अचूक आली म्हणून मला समाधान वाटलं, हे आज लिहिताना लाज वाटते.

तिसरं काम सुमोचं. बीरगंजहून काठमांडूला सुमो जीप जातात, हेटौडा-भीमफेदी-कुलेखानीच्या डोंगरी वाटेने, चार-पाच तासांत. बस नारायणगढच्या वळशाने जाते, तिला सगळा दिवस लागतो. त्याने सीटचे अठराशे सांगितले. मी घासाघीस करून पंधराशेवर आणला आणि बायकोकडे विजयी मुद्रेने बघितलं. नुकत्याच हातात आलेल्या नेपाळी नोटांतून सहा हजार मोजून पुढे केले. त्याने हातसुद्धा लावला नाही. ‘ये नहीं चाचाजी. आयसी में.’

तिकडे दोन्हीकडचा पैसा ‘रुपया’च. म्हणून लोक आयसी आणि एनसी म्हणतात, इंडियन करन्सी आणि नेपाली करन्सी. दुकानातल्या भावात, तिकिटावर, बोलण्यात नुसतं ‘पंधराशे’ असतं. कुठले, ते आधी विचारायचं असतं. मी नंतर विचारलं. वाद घालायला तोंड उघडलं, तोच निळ्या फितीवाला दारातून ओरडला, ‘तीन बज के पाँच! आख़िरी गाड़ी साढ़े तीन की है!’ माझ्या घड्याळात दोन पन्नास झाले होते. ‘आपकी घड़ी इंडिया की है,’ तो म्हणाला. नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे असतं, हे खरंच आहे. पण त्या क्षणी माझ्या आयुष्यातली पंधरा मिनिटं कोणीतरी काढून नेल्यासारखं झालं. मी गड्डीतल्या साठ नोटा मोजून दिल्या. रिक्षाचे चारशे वेगळे.

सरहद्दीवर काय झालं? काहीच नाही. मैत्री पूल ओलांडला, शंकराचार्य प्रवेशद्वारातून आत गेलो. एका शिपायाने पिशवी उघडून बघितली आणि जा म्हणाला. मी गुलाबी पावती पुढे धरली होती. त्याने तिच्याकडे पाहिलंही नाही. शेजारून बायाबापड्या डोक्यावर भाजीच्या पाट्या घेऊन इकडून तिकडे जात होत्या, जशा आपल्याकडे या गल्लीतून त्या गल्लीत जातात.

बीरगंजात एका पोराने आम्हाला सुमोत बसवलं. ती शेवटची नव्हती. मागे आणखी दोन भरत होत्या, आणि आमची सुटली चार वाजून गेल्यावर. नेपाळच्या घड्याळानेच. तोवर फोनची रेंज गेली होती, त्यामुळे घरी कुणाला विचारायची सोय उरली नव्हती.

हेटौडा सोडल्यावर भैंसेला गाडी डाळभातासाठी थांबली. शेजारी बीरगंजचे एक शिक्षक बसले होते, छान हिंदी बोलणारे. भाड्याचा विषय मीच काढला. ‘हज़ार,’ ते म्हणाले. आयसी की एनसी? ते हसले. ‘यहाँ से चढ़े हैं, तो एनसी.’ माझ्यासमोरचा भात तसाच राहिला. खिशातून पेन काढलं आणि पेपर नॅपकिनवर हिशेब मांडला. चार सीटचे चार हजार एनसी, म्हणजे आपले अडीच हजार. मी दिले सहा हजार. साडेतीन हजार तिथे गेले. नोटांमागे चार हजार एनसी, म्हणजे अडीच हजार. परमिटचे चौदाशे. एकूण सात हजार चारशे, रिक्षा सोडून. साडूभाऊंनी नॅपकिन उलटा करून ठेवला आणि म्हणाले, ‘जेवा आता.’

परमिटचं ऐकून शिक्षक गंभीर झाले. भारतीयाला नेपाळात यायला व्हिसा लागत नाही, पासपोर्टची सक्ती नाही, माणसाला प्रवेशाची फी नाही. पैसे भरून कागद करावा लागतो तो गाडीला, स्वतःची मोटार घेऊन आलात तर. त्याला भन्सार म्हणतात आणि तो सरकारी कचेरीत होतो, चहाच्या टेबलावर नाही. मला वाटतं, माझ्या पावतीवरचा ‘वाहन सं.’ हा रकाना तेवढा प्रामाणिक होता.

रात्री कुलेखानीच्या वळणांवर झोप लागेना, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. त्या माणसाचं जवळजवळ प्रत्येक वाक्य अर्धं खरं होतं. आधार खरंच पुरेसं नाही, पण ते विमानाने जाताना. तिथे सहसा पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र मागतात. पाचशेची नोट त्या वेळी नेपाळात खरंच चालत नव्हती, शंभरपर्यंतचीच चालायची. पण आम्ही अजून रक्सौलात होतो, भारतात! तिथल्या कुठल्याही दुकानात ती चालली असती, बँकेत तिचे शंभर-शंभर करून मिळाले असते. मी जन्मभर लोकांना सुटे करून दिले आणि मलाच ते सुचलं नाही. (नोटांचे नियम अधूनमधून बदलतात, निघण्याआधी तेवढं बघून घ्या.) घड्याळाची पंधरा मिनिटंही खरीच. दुपारनंतर सुमो कमी होतात, हेही खरं. नरो वा कुंजरो वा. फक्त शंख त्याने बरोबर वेळेला वाजवला.

काठमांडूचं दर्शन उत्तम झालं, त्याबद्दल इथे लिहीत नाही.

परतताना सगळं आपलं आपण केलं. सकाळची सुमो पकडली, स्टँडवरच्या काउंटरवर ‘एनसी?’ असं आधी विचारून तिकीट काढलं. बीरगंजहून रक्सौल स्टेशनापर्यंत टांग्याने आलो, कारण मेहुणीला टांग्यात बसायचं होतं. टांगेवाल्याने ठरवले तेवढेच घेतले, सरहद्दीवर थांबून पाणीही पाजलं, घोड्याला आणि आम्हाला. गुडघे बरे असतील आणि सामान कमी असेल, तर स्टेशनातून सरहद्दीपर्यंत चालतसुद्धा जाता येतं, वीसेक मिनिटांत. गुमटी बंद असेल तर रिक्षापेक्षा लवकर. गल्लीतलं ते दुकानही शोधलं. पाटी तीच, टेबल तेच, खुर्चीत दुसराच माणूस. ‘वो तो यहाँ बैठता नहीं.’ कोण, हे मी अजून सांगितलंही नव्हतं.

गाडीला वेळ होता, म्हणून जिन्यापाशी बाकावर बसलो. एक गाडी येऊन लागली. गर्दीतून मराठी ऐकू आलं, ‘आई, पिशवी पुढे घे.’ आई, वडील, सून, मुलगा आणि एक लहान मुलगी. झोंबणारी पोरं आली, आणि त्यांना झापायला निळ्या फितीचा इस्त्रीवाला शर्टही आला. मी ताडकन उठलो. ‘अहो, ऐका. याच्याबरोबर जाऊ नका. परमिट-बिरमिट काही लागत नाही, पाचशेच्या नोटा इथेच सुट्या करा, आणि भाडं ठरवताना आयसी की एनसी ते विचारा. आम्हाला सात हजारांना...’

वडिलांनी मला खालून वर पाहिलं. चार दिवसांची दाढी, चुरगळलेला शर्ट, हातात गुलाबी पावती नाचवणारा म्हातारा. निळी फीत त्यांच्या कानाशी अदबीने काहीतरी बोलली.

‘नको हो, आम्हाला काही नको,’ ते मला म्हणाले. मुलाने आईचा दंड धरला, आणि पाचही जण त्याच्या मागून जिना चढायला लागले.