त्रिमितीय त्रिकोणमिती: काटकोन त्रिकोण हेरावा की सदिश वापरावेत?

त्रिमितीय आकृतीतील कोन किंवा लांबी काढण्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात आकृतीच्या आत दडलेला काटकोन त्रिकोण हेरून तो शेजारी वेगळा काढायचा. दुसऱ्यात शिरोबिंदूंना निर्देशक देऊन सदिशांच्या (लांबी आणि दिशा दोन्ही असलेल्या राशींच्या) अदिश गुणाकारातून, म्हणजे जोडीच्या घटकांच्या गुणाकारांच्या बेरजेतून, कोन मिळवायचा.

उंची-अंतराच्या गणितांत निवडीचा प्रश्न सहसा येतच नाही. समजा, मनोऱ्याच्या दक्षिणेकडील बिंदूपासून उन्नत कोन (शिखराकडे पाहताना नजर जमिनीशी करते तो कोन) ४५°, पूर्वेकडील बिंदूपासून ३०° आणि त्या दोन बिंदूंमधील अंतर १०० मीटर आहे. उंची ‘उ’ मानली, तर पायथ्यापासूनची अंतरे उ आणि √३ उ होतात; पायथ्याशी काटकोन असल्यामुळे १०० = २उ, म्हणजेच उंची ५० मीटर. तिरप्या आकृतीत हा काटकोन काटकोनासारखा दिसत नाही आणि नेमके तिथेच विद्यार्थी अडखळतात. म्हणून जमिनीवरचा त्रिकोण वरून पाहिल्याप्रमाणे निराळा काढावा.

खरी तुलना सूचीच्या (पिरॅमिडच्या) गणितात होते. पाया ६ सेमी बाजूचा चौरस, उंची ४ सेमी आणि शिरोबिंदू पायाच्या मध्यावर असेल, तर तिरप्या पृष्ठाचा पायाशी होणारा कोन काढताना मध्यापासून बाजूच्या मध्यबिंदूपर्यंतचे ३ सेमी घ्यायचे असतात: टॅन = ४/३, कोन ५३.१°. तिरप्या कडेच्या कोनासाठी मात्र अर्धा कर्ण, म्हणजे ३√२ सेमी घ्यावा लागतो आणि कोन ४३.३° येतो. या दोन कोनांची गल्लत ही माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत महागडी चूक आहे. त्रिकोण काढणाऱ्याला कोन कोणत्या दोन रेषांमधला आहे हे ठरवावेच लागते, हा पहिल्या मार्गाचा मोठा फायदा.

शेजारच्या दोन तिरप्या पृष्ठांमधील कोन हवा असेल, तर पारडे फिरते. त्रिकोणाच्या मार्गाने सामाईक कडेवर दोन लंब टाकावे लागतात, पृष्ठाच्या क्षेत्रफळावरून प्रत्येकाची लांबी ३०/√३४ सेमी काढावी लागते आणि मग कोसाइन सूत्र लावून –०.३६ मिळते. सदिशांनी पृष्ठांचे बाहेरच्या दिशेचे अभिलंब, म्हणजे पृष्ठांना लंब असलेले सदिश, (४, ०, ३) आणि (०, ४, ३) घेतले की अदिश गुणाकार ९ आणि प्रत्येकाची लांबी ५, म्हणून कोसाइन ०.३६ हे दोन ओळींत येते. मात्र हा ६८.९° अभिलंबांमधला कोन आहे. पृष्ठांमधला आतला कोन १११.१°, आणि तो विशाल आहे हे सूत्र आपणहून सांगत नाही, आकृतीकडे पाहूनच ठरवावे लागते. विषमतलीय, म्हणजे एकाच प्रतलात न मावणाऱ्या, रेषांमधील कोनासाठीही मी सदिशच निवडेन.

त्रिकोणाचाच मार्ग धरला, तर वर्गमुळे शेवटपर्यंत तशीच ठेवावीत. वरच्या उदाहरणात लंबाची लांबी मध्येच ५.१ सेमी धरली, तर १११.१° ऐवजी ११२.६° हाती येतात.